लांब पल्ल्याच्या दिव्याची बखर

श्री. प्रथम अंधारास दंडवत, की तो नसता तर ही हकीकत घडती ना. त्यामागून ज्योतीस दंडवत, आणि ज्योतीस पोसणारी जी वीज, ती आपले मर्जीने येते आणि आपले मर्जीने जाते, म्हणोन तिजला दोन वेळां दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास चालत असता एके राज्यी मोठे भय उपजले, आणि त्या भयापोटी एक दिवा खरीदला गेला, आणि त्या दिव्याने काय केले, ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर दोन्हीकडील मंडळी लिहिणाराचे दारी जाब पुसावयास येतील, आणि अलीकडे सांज झाल्यावर दार उघडण्याची लिहिणारास हौस राहिली नाही.

त्या राज्याचे धनी राजश्री गुणाजीराव. राजवाडा दोन खोल्यांचा, वर स्लॅब, पुढे ओसरी, ओसरीपुढे अंगण, अंगणाचे टोकास गोठा, आणि सभोवती पुरुषभर उंचीची विटांची भिंत. भिंतीबाहेर ऊस, आणि ऊस ऐसा माजलेला की आत शिरल्या माणसाची खबर त्याची त्यासच. उसापुढे ओढा, आणि ओढ्यापलीकडे परमुलूख. परमुलुखाचे धनी राजश्री जोत्याजीराव, हे गुणाजीरावांचे सख्खे धाकटे बंधू. उभयतांत बांधावरील चिंचेच्या झाडाकारणे मागे युद्ध जाहले होते. चिंच कोणाची हे पंचांसही उमगले नाही, आणि चिंच तर दोहींकडे सारखीच गळत राहिली. मग उभयतांनी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून शपथ घेतली की या जन्मी एकमेकांचे तोंड पाहणार नाही, आणि मोबाईलमधून एकमेकांचे नंबर पुसून टाकिले, आणि लग्नकार्यात एक मांडवाच्या या टोकास बसे तर दुसरा त्या टोकास, आणि वाढपी बिचारे मधल्यामध्ये चुकत. ऐसे कडकडीत वैर सख्ख्या भावांखेरीज कोणास साधत नाही.

तो त्या साली ऊसतोड लौकर लागली, आणि एकेक फड मोकळा होऊ लागला, तसे जनावर या उसातून त्या उसात हिंडू लागले. जनावर म्हणजे बिबट्या, हे दिवसा लिहितो म्हणोन लिहिता येते. त्या मुलुखाचा रिवाज ऐसा की दिवेलागण जाहली म्हणजे त्याचे नाव घेऊ नये, नुसते 'ते' म्हणावे, कारण नाव घेतले की ते ऐकते. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, हे लोकांस ठाऊक होते, तरी लोक 'ते'च म्हणत. प्रथम खालच्या वस्तीवरील शेळी गेली. मग एक कालवड गेली. मग एके सांजेस गुणाजीरावांचा जुना चाकर, खंड्या नावाचा कुत्रा, भिंतीच्या कडेने भुंकत होता, तो भुंकता भुंकता मध्येच थांबला. केकाटला नाही, धावला नाही, नुसता थांबला. सकाळी पाहतात तो विटांवर रक्ताचा ओघळ, आणि भिंतीपलीकडे उसात काही फरफटत नेल्याची वाट. गुणाजीराव स्टुलावर चढून त्या वाटेकडे पाहत राहिले, आणि त्यांची पाचावर धारण बसली. खंड्या त्यांच्या हाताने भाकरी खाऊन थोर जाहला होता. पिंजऱ्याकारणे वनखात्याकडे अर्ज गेला, परंतु त्या साली मागणी बहुत आणि पिंजरे थोडे, तेव्हा पिंजरा येईल तेव्हा येईल.

आता खरी पीडा ऐका. गोठ्यात कपिला नावाची गाय, ती राणीसाहेब मैनाबाईंखेरीज कोणास आचळास हात लावू देत नसे. खाशांनी, म्हणजे खुद्द गुणाजीरावांनी, एकवार यत्न केला होता, तेव्हा खासे एकीकडे आणि चरवी एकीकडे गेली होती. उन्हे असता दोहावी तर कपिला पान्हा सोडीत नसे. तिची वेळ दिवेलागणीची, ती तिने आजवर मोडिली नव्हती. गोठ्याची मागली भिंत म्हणजे ती बाहेरचीच भिंत, वर नुसता पत्रा. म्हणोन रोज सांजेस मैनाबाईंनी चरवी घेऊन अंगण ओलांडावे, आणि गुणाजीरावांनी ओसरीवर काठी घेऊन उभे राहावे. पाहणारास वाटे की धनी पहारा करितात. खरे पुसाल तर धनी काठीस धरून नव्हते, काठी धन्यास धरून होती. मैनाबाईंस काही होईल हे त्यांस एक भय, आणि होईल तेव्हा आपले पाय जागचे उठणार नाहीत हे दुसरे भय, आणि दुसरे पहिल्याहून भारी. चरवीत दुधाची धार वाजू लागली म्हणजे ते ती ऐकत राहत. धार वाजते तोवर बाई जिती आहे, ऐसा त्यांचा हिशेब. हे त्यांनी कोणास सांगितले नाही, मैनाबाईंस तर नाहीच.

मग खाशांनी मसलत केली की शत्रूवर दुरून नजर ठेविल्याखेरीज निभाव नाही, सबब लांब पल्ल्याचा दिवा आणावा. आणि स्वारी मोटरसायकलीवर बसून तालुक्याचे पेठेत फुलचंदशेठ विजेचे सामानवाले यांचे दुकानी दाखल जाहली. शेठजींनी दिव्यांची फौजच मांडली. एक दिवा परदेशचा, त्याचे खोक्यावर जहाज आणि दीपगृह छापलेले. त्याची किंमत ऐकताच खाशांनी तो दोन्ही हातांनी सांभाळून परत ठेविला. दुसरा हॅलोजन, पसरट तेजाचा, खिशास सोसणारा. तिसरा चार्जिंगचा फोकस, तोही खिशास सोसणारा, अंगाने लहान आणि झोताने लांब. शेठजी माणूस सरळ. ते बोलिले की फोकस हाती घेताच गिऱ्हाईक भुलते, पण लांब मारणारा दिवा पायाशी पडत नाही. घराची राखण करावयाची तर भिंत आणि अंगण उजळावे, सबब हॅलोजन न्यावा. खाशांस हे पटले होते. हॅलोजनवर हातही ठेविला होता. इतक्यात शेठजी सहज बोलून गेले, "पण परवा तुमचे धाकटे बंधू आले होते, त्यांनीही ऐकलं नाही. ओढ्यापलीकडं दिसलं पाहिजे म्हणाले, आणि हा फोकसच नेला."

जाहले. धाकट्याने ओढ्यापलीकडे पाहावे, आणि थोरल्याने अंगणापुरते पाहावे, हे कैसे घडेल? खाशांनी हॅलोजनवरचा हात काढिला. मग शेठजींनी रीतीप्रमाणे फोकसाची परीक्षा दाखविली, म्हणजे गिऱ्हाइकास मागील अंधाऱ्या गुदामात नेले आणि पार टोकाच्या पोत्यावर झोत टाकिला, तो पोत्याची शिवण टाका न् टाका दिसू लागली. आपण कशास अडखळलो हे मात्र खाशांस दिसले नाही, आणि ते एका वायरच्या भेंडोळ्यात पाय गुंतवून शेठजींच्या अंगावर गेले. इतके होऊनही तोच दिवा घेऊन स्वारी माघारी आली. शहाण्यास इशारा पुरतो म्हणतात. येथे तर इशाऱ्याने पाय धरिले होते.

दिवा स्लॅबच्या कठड्यास पाईप बांधून वर बसविला, आणि दिवेलागण होताच खाशांनी कळ दाबिली. तो झोत भिंतीवरून, उसावरून, ओढ्यावरून सरळ परमुलुखी गेला आणि जोत्याजीरावांचे ओसरीवर थडकला. आणि त्याच वेळी ओढ्यापलीकडून दुसरा झोत निघाला तो खाशांचे तोंडावर आला. ऐसे उभय बंधूंनी बहुता वर्षांनी एकमेकांचे तोंड पाहिले. धाकट्याचे केस पांढरे जाहले होते. गुणाजीरावांस ते अगदी आईच्या वळणाचे दिसले, आणि काळजात काही हलले, आणि मग शपथ आठवून ते घाबरे होऊन खाली बसले. शपथ मोडली! दुसरे दिवशी उभयतांनी देवीस नारळ फोडून माफी मागितली, एकाने सकाळी आणि दुसऱ्याने दुपारी. आणि त्या सांजेपासून दोघांनीही आपले झोत खाली उतरविले, की तोंड दिसू नये आणि शत्रूवर जरब तर राहावी. झोत कोठे ठेवावा, तर शत्रूचे भिंतीवर. थोरल्याचा झोत धाकट्याचे भिंतीवर आणि धाकट्याचा थोरल्याचे भिंतीवर, ऐसे रोज दिवेलागणीस दोन्ही दौलतींचे मोर्चे लागू लागले.

मैनाबाईंस हा कारभार मान्य नव्हता. त्या पहिलेच सांजेस चरवी घेऊन पायरीवर थबकल्या आणि बोलिल्या, "लांबचं लख्ख दिसतंय हो, पण माझ्या पायापुढं काय आहे ते दिसंना." खाशांनी झोत अंगणात वळवून पाहिला, तो एके जागी ताटाएवढे तेज आणि बाकी काळोख होता त्याहून काळा. आपले भिंतीची बाहेरली बाजू तर स्लॅबवरून दिसतच नव्हती, मग दिवा कितीही वळवा. तेव्हा खाशांनी समजूत घातली की शत्रू दूर असतानाच हेरावा, जवळ येईल तेव्हा काठी आहे. मैनाबाईंनी काठीकडे पाहिले, मग काठीच्या मागे जे उभे होते त्याकडे पाहिले, आणि चरवी सावरून अंगण ओलांडले.

तो एके सांजेस वारा अगदी पडला होता. मैनाबाई गोठ्यात शिरल्या, आणि चरवीत धार वाजू लागली, आणि गुणाजीराव ओसरीवर काठीस टेकून ती ऐकत राहिले. तो धार थांबली. त्यांनी वाट पाहिली, की वासरू लुचले असेल, की बाईंनी पदर खोचला असेल. धार लागेना. कपिलेने खूर आपटला, मग दावे ताणल्याचा आवाज आला, मग तोही बंद जाहला. खंड्याही ऐसाच थांबला होता, हे गुणाजीरावांस आठवले, आणि त्यांचे तोंडचे पाणी पळाले. आणि इतक्यात ओढ्यापलीकडून, जो आवाज त्यांनी चिंचेच्या युद्धापासून ऐकिला नव्हता, तो आला.

"वहिनी, गोठ्यातनं बाहेर पडू नका. ते भिंतीवर आहे."

गुणाजीरावांनी वर पाहिले. गोठ्याच्या पत्र्यालगत भिंतीवर ते बसले होते. उजेड पलीकडून होता, म्हणोन अलीकडे नुसती काळी आकृती, दोन कान, वाकलेली पाठ, आणि शेपूट आतल्या अंगास लोंबत होते आणि हळूहळू हलत होते. उडी मारील तर गोठ्याच्या दारात. जोत्याजीरावांचा झोत त्याजवर खिळला होता, आणि ते झोताकडे मान वळवून बसले होते, कारण डोळे दिपल्यामुळे त्यास पुढचे दिसेना. पुन्हा आवाज आला, "दादा, काहीतरी वाजवा. मी दिवा हलवत नाही." दादा म्हटले, हेही बहुता वर्षांनी. गुणाजीरावांची काठी हातून गळाली. ओसरीच्या कोपऱ्यात सिमेंट कालविण्याचे घमेले उपडे होते, ते त्यांनी उचलिले आणि तांब्याने बडविले, आणि बडवीत बडवीत पायऱ्या उतरले. धैर्य आले म्हणोन उतरले ऐसे नव्हे. पाय लटलट कापत होते, आणि देवाचे नावही सुचेना. तरी अंगण ओलांडले आणि गोठ्याच्या दारात भिंतीकडे तोंड करून, मैनाबाईंस पाठीशी घालून ते उभे राहिले आणि घमेले बडवीत राहिले. भिंतीवरचे ते एकवार त्यांजकडे वळले. डोळे दिसले नाहीत, नुसता श्वास ऐकू आला, आणि उग्र दर्प आला. मग त्याने अंग आवळले आणि बाहेरल्या अंगास उडी टाकिली, आणि ऊस सळसळत ओढ्याच्या वरल्या बाजूस गेला, आणि झोत सळसळीमागे जात राहिला. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "गेलं."

मैनाबाई मागून हळूच बोलिल्या, "अहो, तुमचे पाय कापत आहेत."

"कापू देत," गुणाजीराव बोलिले. "उभे आहेत ना."

मग दुसरे दिवशी तह जाहला. ओढ्याच्या अलीकडले काठी थोरले आणि पलीकडले काठी धाकटे, ऐसे पाठीस पाठ करून उभे राहिले, की शपथ मोडू नये, आणि मधल्या धोंड्यावर मैनाबाई ताकाची कासंडी घेऊन उभ्या राहिल्या, की कोणी वळेल तर त्यास दटवावे. तेव्हा समजले की जोत्याजीरावांचीही तीच गत होती. आपली भिंत आपणास दिसत नाही म्हणोन तेही सांज जाहली की धाब्यावर बसून थरथरत, आणि थोरल्याचा झोत भिंतीवर आला म्हणजे मग त्यांचे घरची मंडळी परसात जात. हे त्यांनी पाठमोरेच सांगितले. कलमे ठरली ती ऐसी, की थोरल्याने धाकट्याची भिंत राखावी आणि धाकट्याने थोरल्याची, आणि दिवेलागणीपासून दारे लागेपर्यंत कोणी झोत हलवू नये, आणि चिंचेचा तंटा जैसा आहे तैसा राहावा. चिंचेवर दोघेही अडून राहिले. तेवढी एक जुनी चीज होती, ती सोडवेना.

याप्रमाणे पौष गेला आणि माघ लागला, आणि ते जनावर दोन वेळां वरल्या फडात दिसले. तो माघातील एके सांजेस गुणाजीरावांनी आपला दिवा लाविला आणि पलीकडून दिवा आला नाही. मैनाबाई चरवी घेऊन पायरीवर खोळंबल्या, गोठ्यात कपिला हंबरू लागली, आणि भिंत काळोखात बुडाली. खाशांचे मनात पहिले आले ते जुने विष, की धाकट्याने दगा दिला. मग मनात दुसरे आले आणि त्यांचे धाबे दणाणले. त्यांनी झोतात जोत्याजीरावांची भिंत निरखली. भिंतीवर काही नव्हते. परंतु भिंतीच्या आत काय आहे, ते झोतास दिसत नव्हते. हाक मारिली, तो वारा उलटा होता, हाक माघारी आली. मैनाबाई बोलिल्या, "आज दूध राहू द्या. मी दार लावून बसते. तुम्ही जाऊन बघा." मग गुणाजीराव काठी घेऊन निघाले, आणि उसातील वाटेने एकले गेले, आणि दोहों अंगास पाने खसखसत होती, आणि प्रत्येक खसखशीस ते त्या अंगास काठी रोखीत होते. हाताशी उजेड म्हणावा तर नव्हता, मोबाईलही घाईत घरीच राहिला होता. आपले भय इतके आहे, हे त्यांस तोवर ठाऊकच नव्हते. परंतु पाय पुढे पडत होते, कारण पुढे धाकटा होता. ओढ्याचे पाणी गुडघ्यापर्यंत, गार, ते ओलांडून ते परमुलुखी चढले.

पाहतात तो जोत्याजीराव ओसरीवर मेणबत्तीपाशी बसलेले, मांडीवर दिवा उघडून ठेविलेला, आणि दातात स्क्रू धरून चार्जिंगची पिन बसवीत आहेत आणि पिन बसत नाही. त्यांनी चाहूल ऐकून वर पाहिले, आणि उभयतांनी एकमेकांचे तोंड पाहिले, आणि कोणी मान वळविली नाही. धाकट्याने तोंडातला स्क्रू काढिला.

"दादा, पिन तुटली. आणि तुम्ही एवढ्या अंधारातनं बिनदिव्याचे आलात?"

"दिवा तुझ्या भिंतीवर आहे," गुणाजीराव बोलिले. "तो कसा आणणार?"

ऐसी ही हकीकत. मतलब इतकाच की पिन दुसरे दिवशी फुलचंदशेठांनी बसवून दिली, आणि त्या दोन दौलतींचे दिवे अद्याप एकमेकांचे भिंतीवर पडतात, आणि शपथ मोडल्याचा नारळ उभयतांनी या खेपेस एकच फोडिला आणि खोबरे वाटून घेतले. चिंच कोणाची ते ठरले नाही. ते अजून उसात आहे, पिंजरा अजून आला नाही, आणि गुणाजीरावांचे भय तिळभर उणे जाहले नाही. पूर्वी ते एका भिंतीपुरते होते, आता दोन भिंतींचे आहे, आणि रोज दिवेलागणीस पलीकडला दिवा लागेपर्यंत ते ओसरीवर श्वास धरून उभे असतात. पाहिले तैसे लिहिले. आता दार लावून घेतो. लेखनसीमा.